बेनेटांच्या पाच मुली आणि आमचा सातबारा

"तू आंबेडकरवादी कार्यकर्ती, आणि रात्री जागून बघतेस काय, तर गोऱ्या जमीनदारांची लग्नं!" गेल्या महिन्यात अभ्यासवर्ग संपल्यावर एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर मला असं सुनावलं. सगळे हसले, मीही हसले. उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आज सविस्तर देते.

आधी कबुली देऊन टाकते. होय, मला जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या मालिका आणि सिनेमे आवडतात. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरची बीबीसीची १९९५ची सहा भागांची मालिका मी किती वेळा पाहिली, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. २००५चा सिनेमाही पाहिला. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' पाहिला, 'नॉर्थ अँड साउथ' पाहिली. हिरव्यागार टेकड्या, चिखलात माखलेले झग्यांचे काठ, मेणबत्तीच्या उजेडात लिहिलेली पत्रं, चार वाक्यांत समोरच्याला गप्प करणारी एलिझाबेथ, हे सगळं मला मनापासून आवडतं. पावसाळ्यात सायवनला दोन दोन दिवस वीज नसते. तेव्हा मोबाइलची शिल्लक बॅटरी बातम्यांसाठी ठेवायची की एलिझाबेथसाठी, हा प्रश्न मला पडतो, आणि बहुतेक वेळा एलिझाबेथ जिंकते.

हा नाद लागला वसतिगृहात. मी वारली. आश्रमशाळेत शिकले आणि पुढे शहरातल्या वसतिगृहात गेले. तिथे दोन गोष्टी एकाच वर्षी भेटल्या. एक, खोलीतल्या मैत्रिणीने हातात ठेवलेलं बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचं विध्वंसन'. दुसरी, तिच्याच पेन ड्राइव्हमधली ही मालिका. इंग्रजी सुधारायचं म्हणून खाली अक्षरं लावून बघायला बसलो आणि इंग्रजी राहिलं बाजूला, गोष्टीतच अडकलो. पहिल्याच भागात एक गोष्ट कळली. ही माणसं पैशाबद्दल लाजत नाहीत. बिंग्ली आला, तर वर्षाला चार-पाच हजार पौंड. डार्सी आला, तर दहा हजार. बेनेटांच्या घरात दोन हजार, आणि मुली पाच. कोण कोणाशी बोलणार, कोण कोणासोबत नाचणार, हे या आकड्यांवर ठरतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

आपल्याकडच्या लग्नांत हेच होतं, फक्त त्याला 'घराणं' म्हणतात, 'खानदान' म्हणतात, 'स्थळ चांगलं आहे' म्हणतात. जात आणि जमीन दोन्ही त्या एका शब्दात गुंडाळून ठेवतात. ऑस्टिनने १८१३ मध्ये ते गुंडाळलं नाही, आकडा लिहिला. म्हणून मला ती आवडते.

आता गोष्टीचं मूळ दुखणं बघा. बेनेटांचं घर आणि शेती मुलींना मिळणार नाही. कायद्याच्या कागदाने ती पुरुष वारसाला बांधलेली आहे. बाप मेला की घर जाणार कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावाकडे. आई सारखी लग्न लग्न करत राहते, तिला आपण हसतो. पण त्या घरात खरा हिशोब तिलाच कळलेला आहे. नवरा गेला की आपण आणि पाच पोरी रस्त्यावर. म्हणून एलिझाबेथ कॉलिन्सला नकार देते तेव्हा ती फक्त एका कंटाळवाण्या माणसाला नकार देत नसते, डोक्यावरच्या छपराला नकार देत असते. आणि तिची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला हो म्हणते, तेव्हा तिला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. सत्तावीस वर्षांची, हातात काही नसलेली बाई आणखी काय करणार होती?

एकदा सुट्टीत घरी आले तेव्हा आईसोबत बसून ही मालिका बघितली. आईला इंग्रजी येत नाही. मी मधेमधे सांगत होते. आजारी बहिणीला भेटायला एलिझाबेथ तीन मैल चिखलातून चालत जाते, तो प्रसंग आला. झगा चिखलाने भरलेला. श्रीमंत बायका नाकं मुरडतात. मला तो प्रसंग फार आवडतो, म्हणून मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हे कपडे धुतं कोण?"

मी इतक्या वेळा बघूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. आईला पहिल्यांदाच पडला, कारण तिने आयुष्यभर चिखलाचे कपडे धुतलेत, स्वतःचेही आणि वाडीच्या मालकाच्या घरचेही. पुढे कळलं की हाच प्रश्न एका इंग्रज लेखिकेलाही पडला होता. जो बेकर तिचं नाव. तिने २०१३ मध्ये 'लाँगबोर्न' नावाची कादंबरी लिहिली, बेनेटांच्या घरातल्या मोलकरणीच्या बाजूने. त्यात तो चिखल धुणारे हात आहेत. माझ्या आईने ती वाचलेली नाही. तिला गरजही नाही.

तेव्हापासून मी या मालिका दोन डोळ्यांनी बघते. एक डोळा एलिझाबेथवर, दुसरा मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या पोरीवर. मजा कमी होत नाही. उलट पडद्यावर जास्त माणसं दिसायला लागतात.

पण मी आज हे लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आम्ही तिघं. दादा, तलासरीकडे दिलेली ताई आणि मी. थोडी भातशेती, थोडी वरकस. दिवस झाल्यावर वारस नोंदीचा विषय निघाला. कागद तयार करणाऱ्याने विचारलं, "मुलगा किती?" दादा म्हणाला, "एक." आणि कागदावर एकच नाव लिहिलं गेलं. मी तिथेच बसले होते. कोणी भांडलं नाही, कोणी दमदाटी केली नाही. मुलींचं नाव लावायचं असतं हे कोणाच्या मनातच आलं नाही. मी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "तुझा वाटा तुझाच आहे, मी कुठे नाही म्हणतो? कागदावर कशाला?" पुढच्या वर्षी भात झालं तेव्हा म्हणाला, "दरवर्षी दोन गोणी भात पाठवत जाईन तुम्हा दोघींना." त्या वर्षी पाऊस लांबला, एक गोण आली. या वर्षी वहिनी म्हणाली, "सणाला साडी तर घेतोच ना आम्ही!"

त्याच सुमारास एका रात्री 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' पुन्हा लावला. १९९५चा, आंग ली यांनी दिग्दर्शित केलेला. पटकथा एमा थॉम्पसनची, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सुरुवातीलाच बाप मरणशय्येवर आहे. इस्टेट कायद्याने पहिल्या बायकोच्या मुलाला जाणार. बाप त्याच्याकडून वचन घेतो की सावत्र आई आणि बहिणींना सांभाळशील. मुलगा मनापासून हो म्हणतो. तीन हजार पौंड द्यायचं ठरवतो. मग त्याची बायको बोलायला लागते. इतके कशाला? निम्मे पुरतील. नाहीतर वर्षाला थोडे. नाहीतर कधीमधी वीस. असं करत करत घोडागाडी मुक्कामाला पोचेपर्यंत आकडा शून्यावर येतो. प्रेक्षक हसतात. मीही आधी हसायचे. त्या रात्री मी मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ छपराकडे बघत पडले.

तीन हजार पौंडांचं शून्य आणि 'तुझा वाटा तुझाच' याची एक साडी, हा एकच हिशोब आहे. दोनशे वर्षांचं आणि समुद्रापलीकडचं अंतर त्यात काही बदल करत नाही.

एक फरक मात्र आहे आणि तो आपल्या बाजूने वाईट आहे. त्या इंग्रज बायकांची तक्रार अशी की आम्हाला वारसाही नाही आणि कमवायची मुभाही नाही. सायवनच्या बाईला कमवायची मुभा भरपूर आहे. ती लावणी करते, कापणी करते, चिकूच्या वाडीत जाते, दिवाळीनंतर नवऱ्यासोबत वीटभट्टीवर जाते, पोर पाठीला बांधून. कमवायला तिला कोणी अडवत नाही. अडवतात ते फक्त नाव लावायला.

इथे बाबासाहेबांकडे यावंच लागतं. हिंदू कोड बिलाचा गाभा काय होता? मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा, बाईला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी, घटस्फोटाचा हक्क. बिल रखडवलं गेलं आणि १९५१च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. कायदामंत्र्याने बायकांच्या वाट्यासाठी खुर्ची सोडली, हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी सांगतो. मोठा मुलगाच जमिनीचा वारस, हा मृत्युपत्र नसतानाचा इंग्लंडमधला जुना नियम तिथल्या १९२५च्या कायद्याने गेला. म्हणजे बाबासाहेब १९२३ मध्ये लंडनहून परतले तेव्हा तो नियम तिथे अजून जिवंत होता. ज्या इंग्लंडला आपण पुढारलेलं समजतो तिथलीही ही ताजी गोष्ट होती.

पुढे १९५६ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. टाळ्या वाजवा, पण त्याच कायद्याचं कलम २, पोटकलम २ वाचा. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे माझ्या बौद्ध मैत्रिणीला जो हक्क कायद्याने आहे, तो मला त्या कायद्याने नाही. माझा हक्क 'प्रथे'वर सोडलेला आहे. आणि प्रथा म्हणजे काय, हे सांगायला बसतात पुरुष.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका निकालात केंद्राला सांगितलं की आदिवासी मुलींना या हक्कापासून दूर ठेवण्याचा फेरविचार करा. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. मुलीला वाटा देण्याची प्रथा होती हे मुलीच्या बाजूने सिद्ध करायला नको, वाटा नाकारणारी प्रथा सिद्ध झालेली नसेल तर तिला नाकारणं हा समानतेच्या हक्काचा भंग आहे, असं त्या निकालाचं सार. कलम १४ आणि १५. ही कलमं ज्या संविधानात आहेत, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते ते या वाचकांना सांगायला नको.

यावर आमच्यातले काही भाऊ म्हणतील, "आपण हिंदू नाही, मग हिंदू कायदा कशाला हवा?" बरोबर. मलाही नको. मला आदिवासींचा स्वतःचा कायदा हवा, आणि त्यात मुलीचा समान वाटा लिहिलेला हवा. दुसरे म्हणतील, "मुलीने बाहेर लग्न केलं तर जमीन बिगरआदिवासीकडे जाईल." महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला हस्तांतरित करण्यावर महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६ अ ने बंधनं आहेत, ती अजून कडक करा. आणि खरं सांगा, डहाणू-तलासरीत आजवर ज्या जमिनी गेल्या त्या काय मुलींनी घालवल्या? सातबाऱ्यावर तर मुलींचं नावच नव्हतं!

वाट दाखवणारी एक गोष्ट आपल्याच भागात आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. कागदावर बाईचं नाव आलं म्हणून कोणतं घर मोडलं? आकाश कुठे कोसळलं?

आता सहकाऱ्याच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येते. गोऱ्यांची श्रीमंती आली कुठून? तिथेही या गोष्टी आपल्याला उपयोगी पडतात, फक्त खोदायला हवं. 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीतल्या सर थॉमसची मालमत्ता अँटिग्वा बेटावर आहे. गुलामांच्या व्यापाराचा विषय कादंबरीत एकदा निघतो आणि उत्तरादाखल फक्त शांतता मिळते. १९९९च्या सिनेमात पॅट्रिशिया रोझेमा या दिग्दर्शिकेने ती शांतता फोडली. गुलामांवरच्या अत्याचारांची चित्रं नायिकेच्या हातात पडतात आणि तो सुंदर वाडा एकदम वेगळा दिसायला लागतो. 'नॉर्थ अँड साउथ' या २००४च्या मालिकेत नायिका पहिल्यांदा कापड गिरणीत शिरते तेव्हा हवेत कापसाचे तंतू बर्फासारखे उडत असतात. दिसायला फार सुंदर. मग बेसी नावाची कामगार पोर भेटते, तिच्या फुप्फुसात तोच बर्फ साचलाय.

ते बघताना मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तिथे विणखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. इंग्लंडच्या गिरणीत मजुराची छाती जात होती. आपल्याकडे छातीही जात होती आणि वर जातही आडवी येत होती. वर्गाचं चित्र इंग्रजी मालिकेत मिळेल, जातीचं आपल्यालाच काढावं लागेल.

आणि ते आपण काढलंय का? आपल्या ऐतिहासिक मालिका बघा. वाडे आहेत, नथी आहेत, पैठण्या आहेत, तलवारी आहेत. ऑस्टिनची गोष्ट छापली गेली तेव्हा पुण्यात पेशवाई होती. तिथल्या अस्पृश्याच्या कमरेचा झाडू आणि गळ्यातलं मडकं बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलंय. किती मालिकांमध्ये तो माणूस चौकटीतून नुसता चालत तरी जातो? 'नॉर्थ अँड साउथ' पुस्तकरूपाने आली १८५५ मध्ये. त्याच वर्षी मुक्ता साळवे या लहान मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या शाळेवर, तिच्या वर्गावर सहा भागांची देखणी मालिका कोण करणार?

आमच्या भागाची गोष्ट सांगू? एलिझाबेथचं लग्न झालं की तिला पेंबर्लीचा वाडा मिळतो. १९४५च्या आधी डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारल्याचं लग्न झालं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे होत. लग्नापुरते काही रुपये कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे कधीच नाही, त्याच्याकडे राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी हे 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवलंय. १९४५ मध्ये झरीला वारली जमले, वेठ करणार नाही म्हणाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. ते काम लाल बावट्याचं होतं, आणि हे मान्य करण्यात निळ्या झेंड्याला कमीपणा नाही. लग्न, पैसा, जमीन, मालक, नकार. ऑस्टिनच्या गोष्टीत जे जे आहे ते सगळं इथे आहे, वर रक्तही आहे. धवलेरी लग्नाची गाणी म्हणतेय, भिंतीवर चौक लिहिलाय, आणि दाराशी सावकाराचा माणूस उभा आहे. पहिल्या भागाची सुरुवात मी डोळे मिटून सांगू शकते.

म्हणून मित्रांनो, मैत्रिणींनो, या मालिका बघा. लाजू नका. बाबासाहेब इंग्लंडला गेले, तिथल्या ग्रंथालयांत तहानभूक विसरून वाचत बसले, आणि त्याच इंग्लंडला गोलमेज परिषदेत तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता हटली का, असं तोंडावर विचारलं. घ्यायचं तेही घेतलं, विचारायचं तेही विचारलं. आपल्यालाही दोन्ही करता आलं पाहिजे. आनंद हा काही त्यांच्याच सातबाऱ्यावर चढवलेला नाही.

आमच्या घरचं सांगते आणि थांबते. मी नवीन अर्ज लिहिलाय. त्यात चार नावं आहेत. आई, दादा, ताई आणि मी. तीन सह्या झाल्यात, दादाची बाकी आहे. परवा रात्री मी मुद्दाम 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' लावला आणि मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला. दादा उंबऱ्यावर बसून बघत होता. तीन हजारांचं शून्य होईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो भाऊ काही वाईट नव्हता गं."

"नव्हताच," मी म्हटलं. "तूही नाहीस. पण बहिणीचं पोट भावाच्या चांगुलपणावर कशाला ठेवायचं?"

तो उठून बैल बघायला गेला. अर्ज अजून कोनाड्यात आहे, त्याच्या सहीची जागा मोकळी ठेवून. कोणाचा चांगुलपणा म्हणून मिळालेलं दान आणि कागदावर लिहिलेला हक्क, या दोन्हींतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला आयुष्यभर शिकवला. दान पाऊस लांबला की आटतं.

तुम्ही आज रात्री काहीही बघा. पण उद्या सकाळी तुमच्या घरचा सातबारा काढा आणि त्यावर आईचं, बहिणीचं नाव आहे का, तेवढं बघा.

जय भीम! जोहार!